'लूज', शिथिल आणि मोकळे : एका समीक्षासंज्ञेविषयी

इंग्रजीतील 'लूज' हे विशेषण प्राचीन नॉर्स भाषेतून आले. अभाव दर्शविणारा इंग्रजीतील 'लेस' हा प्रत्यय त्याचाच सगोत्र. बंधन नसणे एवढाच मूळ भाव. परंतु त्या एका शब्दावर इंग्रजीने अंगातला कपडा, हलणारा दात, खिशातली नाणी, दावे तोडलेले जनावर, अनावर जीभ आणि बदनाम चारित्र्य यांचा भार टाकला आहे. मराठी हा भार वाटून देते. कपडा सैल, स्क्रू ढिला, केस मोकळे, पैसे सुटे, माती भुसभुशीत, जनावर मोकाट आणि अनुवाद स्वैर. (पोट बिघडले की मात्र मराठी माणूस इंग्रजी शब्दाचाच आडोसा घेतो.) यांतील प्रत्येक शब्दात एक निवाडा दडलेला आहे. 'ढिला'मध्ये उणीव आहे, 'मोकळा'मध्ये सुटका आहे, 'सुटा' तटस्थ आहे.

समीक्षेत हा विवेक हरवतो. हेन्री जेम्सने 'द ट्रॅजिक म्यूज'च्या १९०८ मधील प्रस्तावनेत थॅकरे, द्यूमा व टॉलस्टॉय यांच्या अवाढव्य कादंबऱ्यांना हेच इंग्रजी विशेषण लावले. त्याचा सूर तक्रारीचा असला, तरी त्या शब्दात मोकळेपणाचा ध्वनी शिल्लक राहतो. मराठीत 'रचना शिथिल आहे' असे म्हटले की निकालच लागतो.

'शिथिल'ला संस्कृत काव्यशास्त्राचा आधार आहे, असे म्हणता येईल. तो आधार वाटतो तितका एकतर्फी नाही. दंडीने शैथिल्याचा स्पर्श नसणे हे श्लेषगुणाचे लक्षण मानले. पण अनुप्रासाच्या ओढीने गौडांना तेच शैथिल्य रुचते, ही नोंदही त्याचीच. वामनाने तर प्रसाद या शब्दगुणाचे लक्षणच शैथिल्य असे केले. मात्र ते ओजाच्या गाढबंधाशी मिसळलेले हवे. शिवाय दोघांचाही विचार पदबंधापुरता आहे. कथानकाच्या बांधणीवर तो सरसकट लादता येत नाही.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकात संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'तील लीळा सुटी आहे. स्थळ, प्रसंग आणि चक्रधरांचे वचन एवढ्यात ती पूर्ण होते. तिच्याकडून एकसंध कथानकाची अपेक्षा करून रचनेला शिथिल ठरविणे म्हणजे हातातील मोडीला फाटकी नोट म्हणणे होय. 'कोसला'ची (१९६३) गोष्ट निराळी. तेथे निवेदन मध्येच रोजनिशीचे रूप घेते, तरी सांगवीकरचा आवाज सुटत नाही. तिला 'मोकळी' हाच शब्द शोभतो. उलट, प्रकरणांची संख्या भरण्यासाठी पात्रांना ताटकळत ठेवणारी क्रमशः कादंबरी खुशाल ढिली म्हणावी.

पदव्युत्तर उत्तरपत्रिकेत 'रचना शिथिल आहे' हे वाक्य आढळले, की काय कशापासून सुटले आहे आणि ते मुळात बांधलेले होते काय, एवढे परीक्षकाने समासात विचारावे.