शिडीवर ‘हलका शॉक’ नसतो

“जास्त काही नाही डॉक्टरसाहेब, थोडासा शॉक लागला, घाबरला न् पडला.” कारखान्यातल्या माणसाला दवाखान्यात आणणारा मुकादम बहुतेक वेळा हेच सांगतो. या वाक्यात दोन खोट्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही मालकाच्या सोयीच्या.

पहिली, ‘घाबरला’. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे विजेमुळे स्नायू आपोआप आकसतात, तिथे माणसाची इच्छा चालत नाही. पंजा तार घट्ट धरून ठेवतो, नाहीतर अंग झटक्याने बाजूला फेकलं जातं. जमिनीवर उभा असलेला माणूस अशा वेळी हात झटकतो, एक शिवी देतो आणि कामाला लागतो. बारा फुटांवर तोच झटका मान मोडू शकतो.

दुसरी, ‘थोडासा’. घरातला ४० वॅटचा बल्ब सुमारे १७० मिलिअँपिअर घेतो. छातीतून गेले तर १०० सुद्धा हृदय बंद पाडायला पुरे होतात. कोरडी कातडी थोडंफार वाचवते, पण नांदगाव पेठच्या एमआयडीसीत ती आणायची कुठून? सूत तुटू नये म्हणून कताई खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवतात. मे महिन्यात पत्र्याजवळ वर चढलेला माणूस घामाने निथळत असतो. एक हात ट्यूबच्या होल्डरवर, दुसरा छताच्या लोखंडी कैचीवर, आणि वाट थेट छातीतून.

“एमसीबी आहे ना!” आहे. १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरचा. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी लागतो. तो बसवलाय का, हे विचारा. भिंतीवरचं बटण बंद केलं एवढ्यावरही विसंबू नका. ते चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असेल तर दिवा विझतो, होल्डरमध्ये मात्र करंट राहतो.

मग “त्यानंच काळजी घ्यायला पाहिजे होती” असं म्हणतात. मला याचा राग येतो. मेन स्विच बंद केला की मशीन थांबतं, म्हणून तो बंद करू देत नाहीत. कंत्राटदाराचा रोजंदारीवरचा पोरगा कोणाला नाही म्हणणार? उंचावर काम करणारा पडू नये याची सोय कारखान्याने करायची, हे १९४८च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं. सप्टेंबर २०२४मध्ये इथल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन झालं. एक हजार एकरांचा पार्क, म्हणजे आणखी छतं, आणखी शिड्या.

कोणी असा पडलाच तर आधी मेन बंद करा, मगच त्याला हात लावा. श्वास नसेल तर तिथेच छातीच्या मध्यभागी जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. श्वास चालू असेल तर चौघांनी उचलून रिक्षात कोंबू नका, मान-पाठ हलवू नका.

दवाखान्यात आल्यावर केस पेपरवर नुसतं ‘पडला’ लिहू देऊ नका. ‘शॉक लागून पडला’ असं सांगा. तेवढ्यावरून आम्ही ईसीजी काढतो, लघवी काळपट होते का पाहतो, खांदा निखळलाय का तपासतो. उद्या भरपाई मागायची वेळ आली तर हाच कागद कामी येतो, मुकादम काहीही म्हणो.