वेदीवरून भिंतीवर

धार्मिक चित्रांची खरी जागा वस्तुसंग्रहालयातच, असे म्हणण्याची अलीकडे प्रथाच पडली आहे. नेपल्स पाहून आलेल्यांनी तरी ती पाळू नये. काराव्हाज्जोने १६०७ साली तेथील सान दोमेनिको माज्जोरे चर्चसाठी रंगविलेला, खांबाशी बांधलेला ख्रिस्त १९७२ पासून कापोदिमोन्ते संग्रहालयात आहे. प्रकाश उत्तम, पहारा चोख. पण तेथे लोक काराव्हाज्जो पाहतात, ख्रिस्तापुढे गुडघे कोण टेकतो?

चोरीचे भय खोटे नव्हे. त्याचेच प्रभुजन्माचे चित्र १९६९ साली पालेर्मोच्या प्रार्थनागृहातून पळविले गेले, ते अद्याप सापडलेले नाही. म्हणून का साऱ्या वेद्या ओस पाडायच्या?

नेपल्समधीलच पीयो मोन्ते देल्ला मिझेरिकॉर्दिया ही १६०२ साली तरुण उमरावांनी गोरगरिबांसाठी स्थापलेली संस्था पाहा. तिने ४०० डुकाट मोजून ‘दयेची सात कृत्ये’ हे चित्र करवून घेतले आणि १६१३ साली ठरविले की, कितीही किंमत आली तरी ते विकायचे नाही. आजही ते तिच्याच चर्चच्या मुख्य वेदीवर आहे. (आत जाण्यास तिकीट पडते, तेवढे सोसावे!) गजांआडच्या वृद्ध पित्याला स्वतःचे दूध पाजणारी लेक, उघड्यावाघड्यासाठी झगा कापणारा तरुण, पुरण्यासाठी नेलेल्या प्रेताचे केवळ तळवे. आणि चित्राखालची ती संस्था आजही गरजूंना मदत करतेच आहे. कोणत्या संग्रहालयाच्या भिंतीला हे साधेल?