यंत्राचा ठसा आणि माणसाची ओळख

ताडोबातील वाघांची संख्या पूर्वी पाऊलखुणांवरून काढीत. मातीत उमटलेला ठसा काचेवर रेखाटून किंवा प्लास्टरमध्ये त्याचा साचा घेऊन वाघ मोजले जात. १९७२ सालची देशव्यापी व्याघ्रगणना याच पद्धतीने झाली. परंतु एकाच वाघाचा ठसा चिखलात एक, कडक जमिनीवर निराळा दिसतो. म्हणून २००६ सालापासून देशव्यापी गणनेत कॅमेऱ्यांचा उपयोग होऊ लागला. प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची नक्षी वेगळी असते.

इंटरनेटवर मोबाइल आणि संगणक यांचाही असाच माग काढता येतो. संकेतस्थळ उघडताच पडद्याचा आकार, भाषा, घड्याळाची वेळ, अक्षरांचे टंक अशी माहिती पलीकडे पोचते. यातील एकेक गोष्ट लाखो यंत्रांत सारखी असते. त्या सर्वांचा मेळ मात्र सहसा दुसरीकडे जुळत नाही. २०१० साली पीटर एकर्स्ली यांनी ४,७०,१६१ ब्राउझरांचे ठसे तपासले. त्यांपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले!

बँकेला याचा उपयोग उघड आहे. चोराने पासवर्ड मिळवला, तरी त्याचे यंत्र अनोळखी ठरते आणि व्यवहार थांबवता येतो. एकाच यंत्रावरून पन्नास नावांनी खाती उघडली गेली, तर संशय घेता येतो.

येथेच सावध राहिले पाहिजे. गडचिरोलीतील भामरागड, एटापल्लीकडील एखाद्या गावाचा विचार करा. घरात मोबाइल एक, वापरणारे पाच. शिष्यवृत्तीचे अर्ज साऱ्या वर्गाने एकाच सेवा केंद्रातील संगणकावरून भरलेले. तेथे एका यंत्रावर पन्नास नावे असणे ही लबाडी नव्हे, ती अडचण आहे. यंत्राला हा फरक कळत नाही. उलट, हुशार चोर आपल्या यंत्राचा ठसा बदलूही शकतो.

म्हणून आमचे मत असे, की ठशाने संशय घ्यावा, निवाडा माणसाने करावा. केवळ ठशावरून कोणाचे पैसे अडकवू नयेत. अडवलेच, तर कारण त्याला समजेल अशा भाषेत सांगावे आणि दाद मागण्याची सोय जवळपास असावी.

आपल्या वर्गात एकेक मोबाइल किती जण वापरतात, याची नोंद करून पाहा. शहरात बसून नियम करणाऱ्यांना हाच आकडा ठाऊक असायला हवा.