‘निरंक’ म्हणजे शून्य नव्हे

सरकारी कार्यालयांत ‘निरंक’ हा शब्द रोज वापरला जातो. अमुक आजाराचे रुग्ण किती, तमुक कारणाने मृत्यू किती, अशी वरून विचारणा येते आणि माहिती नसली की रकान्यात ‘निरंक’ लिहून कागद पुढे सरकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून मुंबईला आणि शेवटी मंत्र्यांच्या लेखी उत्तरात तो जाऊन बसतो. निघताना त्याचा अर्थ ‘आमच्याकडे तशी नोंद नाही’ एवढाच असतो. सभागृहात पोहोचेपर्यंत तो ‘असे काही घडलेच नाही’ असा झालेला असतो. लोकप्रतिनिधींचे लेखी प्रश्न आणि त्यांची उत्तरे डॉक्टरच्या नजरेने वाचताना मला हा अर्थबदल सर्वांत धोक्याचा वाटतो.

सर्वांना आठवणारे उदाहरण घेऊ. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत खासदार के. सी. वेणुगोपाल यांचा प्रश्न होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या तीव्र तुटवड्यामुळे रस्त्यांवर आणि रुग्णालयांत मोठ्या संख्येने रुग्ण दगावले का, असे त्यांनी विचारले होते. तत्कालीन केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी लेखी उत्तर दिले. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, राज्ये रुग्ण आणि मृत्यूंची आकडेवारी नियमित कळवतात, मात्र ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे कोणत्याही राज्याने स्वतंत्रपणे कळवलेले नाही, असा त्याचा आशय होता. देशभर संताप उसळला. डॉ. पवार स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या, आणि तीनच महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून किमान २२ रुग्ण दगावले होते. राज्यात तेव्हा दुसऱ्या आघाडीचे सरकार होते. त्या सरकारचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही ऑक्सिजनच्या तुटवड्याने राज्यात मृत्यू झाला नसल्याचेच सांगितले. त्यामुळे हा विषय एका पक्षाचा नाही.

ते उत्तर खोटे होते का? शब्दशः पाहिले तर नव्हते. खरी अडचण तिथेच आहे.

रुग्णालयात माणूस दगावला की डॉक्टर ‘नमुना ४’ हे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र भरतो. त्यात मृत्यूचे तत्काळ कारण, त्याआधीचे कारण आणि मुळाशी असलेला आजार असा क्रम असतो. कोरोनाच्या रुग्णाच्या बाबतीत आम्ही ‘श्वसनसंस्था निकामी होणे’, त्यामागे ‘न्यूमोनिया’ आणि मुळाशी ‘कोविड-१९’ असे लिहितो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण त्या रात्री पाइपातला दाब किती होता, सिलिंडर किती वाजता संपला, टँकर कुठे अडकला, हे लिहायला त्या कागदावर जागाच नाही. नाशिकची घटना तुटवड्यात धरायची की अपघातात, हाही प्रश्न आहेच. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमधले ऑक्सिजन पुरवठ्यातील अडचणींचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले. न्यायालयात ज्यावर सुनावण्या होतात, ते आकडेवारीच्या तक्त्यात उमटत नाही.

ही स्थिती केवळ महामारीतली नाही. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रांच्या २०२०च्या राष्ट्रीय अहवालानुसार देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. बाकीच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक माणसांचे काय झाले, हे सरकारी कागदाला ठाऊक नाही. तरीही मंत्र्यांना प्रश्न विचारला की उत्तर त्याच कागदावरून निघते.

त्या उत्तरानंतर घडले ते अधिक बोलके आहे. टीका झाल्यावर केंद्राने राज्यांना नेमके विचारले : ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची माहिती द्या. ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशाच्या माहितीत व्हेंटिलेटरवर असलेल्या काही रुग्णांच्या मृत्यूंचा उल्लेख आला. संख्या लहान होती, बहुतेक राज्ये गप्पच होती. पण जुलैत जे ‘निरंक’ होते ते ऑगस्टमध्ये तसे राहिले नाही. मधल्या काळात नवे मृत्यू घडले नव्हते, फक्त प्रश्न नेमका झाला होता.

वॉर्डात आम्ही शिकाऊ डॉक्टरांना हेच शिकवतो. केसपेपरवर ‘ताप नाही’ लिहिणे वेगळे आणि ‘ताप मोजला नाही’ लिहिणे वेगळे. थर्मामीटर न लावता ‘ताप नाही’ लिहिणाऱ्याला राऊंडमध्ये बोलणी बसतात. राज्याच्या तब्येतीचा केसपेपर लिहिताना हा नियम का नसावा?

आता प्रश्नांच्या रचनेकडे वळू. आपल्या विधिमंडळातील तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. ‘अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय; असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय; चौकशीनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तराचाही साचा आहे. ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’ आणि सर्वांत लाडके ‘प्रश्न उद्भवत नाही’. ‘हे खरे आहे काय’ असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणून सुटता येते. ‘किती’, ‘कुठे’ आणि ‘कोणत्या तारखेला’ असे विचारले तर सुटणे अवघड होते.

तारांकित प्रश्नाचे उत्तर सभागृहात द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी असते, उलटतपासणी नसते. हा उपप्रश्नाचा हक्क सहज मिळालेला नाही. १८९२च्या कायद्याने कायदेमंडळातील हिंदी सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली, पण उत्तर आले की विषय संपला. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला तो १९०९च्या कायद्यानंतर. कागलला आणि आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेले गोपाळ कृष्ण गोखले या दोन्ही टप्प्यांचे साक्षीदार होते. आधी मुंबई प्रांताच्या आणि मग केंद्रीय कायदेमंडळात त्यांनी सरकारला सरकारच्याच आकड्यांनी निरुत्तर केले. सप्टेंबर २०२०च्या संसद अधिवेशनात कोरोनाच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला आणि फक्त लेखी उत्तरे उरली. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, या प्रश्नाला तेव्हा ‘अशी आकडेवारी ठेवली जात नाही’ असे उत्तर आले. तिथे उपप्रश्नाला वाव नव्हता.

आपल्या जिल्ह्यातल्या एका विषयावर हे ताडून पाहू. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा या भागांत भाताच्या लावणीपासून उसाच्या तोडणीपर्यंत सर्पदंश ठरलेला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आपल्याकडे एकच इंजेक्शन आहे. लोक त्याला लस म्हणतात, खरे तर तो उतारा आहे. विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारण आठ ते दहा व्हायल द्याव्या लागतात. आता ‘आरोग्य केंद्रांत सर्पदंशाची लस उपलब्ध आहे काय’ असा प्रश्न विचारा. कपाटात दोन व्हायल असल्या तरी उत्तर ‘होय’ येईल आणि ते खरेही असेल. त्या दोन व्हायलवर घोणस चावलेला माणूस मात्र वाचणार नाही.

मृत्यूंच्या आकड्यांतही तेच. देशभर घरोघरी जाऊन केलेल्या मृत्यूंच्या मोठ्या अभ्यासातून २००५ या वर्षासाठी सर्पदंशाच्या मृत्यूंचा अंदाज सुमारे ४६ हजार निघाला. त्यातले तीन-चतुर्थांशांहून अधिक मृत्यू रुग्णालयाबाहेर झालेले होते. त्याच अभ्यासाच्या आधारे २०२०मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने दगावले. २००३ ते २०१५ या वर्षांत सरकारी रुग्णालयांत १ लाख ५४ हजार मृत्यू झाले असावेत, असा त्यात अंदाज होता. सरकारी नोंदींत होते १५ हजार ५००, म्हणजे दहातला एक. बाकीचे नऊ लेखी उत्तरात कधीच आले नसते.

हे बदलता येते. शेजारच्या कर्नाटकाने २०२४च्या सुरुवातीला सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने सर्पदंशाचे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला आणि नोव्हेंबरमध्ये सर्व राज्यांना अशीच नोंद करण्यास सांगितले. नोंद सुरू झाली की आकडे वाढतात. मग वर्तमानपत्रांत ‘सर्पदंशात वाढ’ असे मथळे येतात आणि प्रामाणिक नोंद करणारा जिल्हा बदनाम होतो. ही शिक्षा टाळायची असेल, तर वाढलेला आकडा पाहताना नोंद कधीपासून सुधारली, हेही आधी विचारायला हवे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अधिवेशन जवळ आले की सरकारी रुग्णालयांत ‘एलएक्यू’ आणि ‘लक्षवेधी’ची धांदल उडते. ‘आज चार वाजेपर्यंत तीन वर्षांची माहिती पाठवा’ असा निरोप येतो. ओपीडीत दोनशे माणसांची रांग असते, लिपिकाची जागा रिकामी असते, जुनी रजिस्टरे कपाटावर असतात. अशा वेळी ‘निरंक’ लिहिणारा प्रत्येक जण लबाड नसतो. पुष्कळदा तो फक्त थकलेला असतो. म्हणून उपाय उत्तर देणाऱ्याला झोडपण्यात नाही. वर्षभर नीट नोंद ठेवली, तर चार वाजेपर्यंत माहिती देणे जड जात नाही.

माझ्या मते दोन गोष्टी ताबडतोब करता येतील. पहिली, लेखी उत्तरात ‘निरंक’ लिहिताना त्यासोबत तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात : कोणती नोंदवही पाहिली, कोणत्या काळाची, आणि किती संस्थांनी माहिती पाठवली. नोंदच ठेवली जात नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. ‘माहीत नाही’ हे उत्तर देण्यात कमीपणा नाही. वैद्यकात तर त्यावरच पुढच्या तपासण्या ठरतात. दुसरी, प्रश्नाच्या शेवटी एक कलम कायमचे जोडावे : ‘यांपैकी कोणती माहिती ठेवली जात नसल्यास, ती कोणत्या तारखेपासून ठेवण्यात येईल?’ मंत्र्यांनी तारीख दिली की ते आश्वासन ठरते, आणि दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे.

राहता राहिलो आपण. मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीला चहा घेताना राजकारणावर बोलणारे कोल्हापूरकर कमी नाहीत. टोलपासून खंडपीठापर्यंतचे लढे या शहराने रस्त्यावर उतरून लढले आहेत. पण आपल्या आमदाराने वा खासदाराने आरोग्याबद्दल गेल्या अधिवेशनात काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, हे वाचणारे किती? संसदेतील प्रश्नोत्तरे संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. तालीम मंडळे, महिला मंडळे, निवृत्त शिक्षक, आमच्यासारखे डॉक्टर यांनी अधिवेशनापूर्वी लोकप्रतिनिधीच्या हातात निवेदनाऐवजी एक नेमका प्रश्न द्यावा. उदाहरणार्थ, हा घ्या :

‘कोल्हापूर जिल्ह्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात १ जून रोजी सर्पदंशावरील इंजेक्शनच्या किती व्हायल शिल्लक होत्या, गेल्या वर्षभरात किती दिवस हा साठा दहापेक्षा कमी होता, पहिला डोस न देता किती रुग्ण पुढे पाठवले आणि त्यांपैकी किती दगावले, ही माहिती ठेवली जात नसल्यास ती कधीपासून ठेवण्यात येईल?’

याला ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर देता येणार नाही. आणि समजा तरीही ‘निरंक’ आलेच, तर पुढच्या अधिवेशनात विचारायचा प्रश्न तयारच आहे : कोणती वही पाहिलीत?

(लेखक शासकीय रुग्णालयात फिजिशियन असून मंगळवार पेठ, कोल्हापूर येथे राहतात.)