निजलेली मुशी

आमची नात गेल्या मार्गशीर्षांत मालदीव बेटांस जाऊन आली. नांदेडास परतल्यावर तिनें पाण्याखालील छायाचित्रें साऱ्या घरास दाखविलीं. त्यांपैकीं एकांत सात-आठ फूट लांबीच्या पांच-सहा मुशी, म्हणजे शार्क मासे, एकमेकींवर अंग टाकून वाळूंत निश्चल पडलेल्या होत्या. त्या मेलेल्याच असाव्यात असें घरांतील मंडळींनीं ठरविलें. आणि दोष आमचाच, कारण मुशी पोहावयाची थांबली कीं गुदमरते, असें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें.

तें शिकविणें अर्धवट होतें. कांहीं जातींस तें लागू आहे. परंतु नर्स शार्क नांवाची ही पिंगट मुशी तोंडाच्या स्नायूंनीं पाणी आंत ओढून कल्ल्यांवाटे सोडते, म्हणून तिला श्वासासाठीं हलावें लागत नाहीं. दिवसां ती कपारींत घोळक्यानें निजते व रात्रीं भक्ष्यास निघते. नाकाशीं मिशांसारखे दोन तंतु असतात, त्यांनीं ती तळ चांचपते. तोंड लहान, पण ओढ इतकी जबर कीं, फटींत दडलेला खेकडा वा अष्टपाद प्राणी सरळ घशांत खेचला जातो.

त्या देशांतील आलिमथा बेटाच्या धक्क्याशीं ह्या मुशी रात्रीं मोठ्या संख्येनें येतात. माणसांकडून खाद्य मिळण्याची संवय त्यांस लागली आहे. नातीनें एकीच्या पाठीवरून हातही फिरविला! आम्ही रागावलों. डिवचल्यास ही मुशी चावते, आणि धरलेलें लवकर सोडीत नाहीं. शिवाय मालदीवनें २०१० सालीं मुशींच्या शिकारीस बंदी केली असली, तरी सर्व समुद्रांत ती नाहीं. माणसाचें भय गेलेली मुशी अन्यत्र जाळ्याशींही तशीच जाईल. ही जात संकटग्रस्तांत गणली जाते, हें वेगळेंच.

नात शांतपणें म्हणाली, "आजोबा, मग आपण गोदावरीच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकतों, तें?"

आमच्या वडिलांपासून चालत आलेला हा नेम. त्याचें पुण्य आम्हीं कधीं तपासलें नव्हतें. तिला उत्तर दिलें नाहीं. पुढच्या पौर्णिमेस सूनबाईंनीं नेहमीप्रमाणें कणीक मळून डबा हातीं दिला. घाटावर आम्ही बराच वेळ पायरीवर बसलों होतों. मासे पायऱ्यांपाशीं येऊन वाट पाहत होते.