तारांखालचे घर

दिल्लीच्या अनधिकृत वसाहतींत पन्नास गजांचा तुकडा शोधत फिरणाऱ्या कामगाराला दलाल अखेरीस एक स्वस्त जागा दाखवतो. स्वस्ताईचे कारण त्या जागेच्या डोक्यावरच लोंबत असते: अतिउच्चदाब वीजवाहिनीच्या तारा. "तारा उंच आहेत, एवढी माणसे राहतात, कुणाला काय झाले?" असे दलाल सांगतो. पुढे अपघात झाला किंवा घर पाडण्याची नोटीस आली की सारा दोष घेणाऱ्याच्या माथी मारला जातो, "तारा दिसत होत्या, तरी का घेतले?" असे अधिकारी आणि सुखवस्तू वृत्तपत्रे विचारू लागतात. हा प्रश्न प्रामाणिक नाही. आपण मात्र त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

प्रथम धोक्याचे स्वरूप पाहू. पहिला धोका विजेच्या धक्क्याचा. घरातील तारेवर असते तसे आवरण या तारांवर नसते. भोवतीची हवा हेच त्यांचे आवरण. त्यामुळे तारेला हात लागावाच लागतो असे नाही. लोखंडी सळई किंवा अँटेनाची नळी जवळ गेली तरी वीज झेप घेते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी यासाठी अंतरे ठरवून दिली आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी तीच कायम ठेवली. २२० किलोव्होल्टच्या वाहिनीची तार छपरापासून उभ्या रेषेत किमान ५.५ मीटर आणि भिंतीपासून आडव्या रेषेत किमान ३.८ मीटर दूर असली पाहिजे. उभे अंतर तार जास्तीत जास्त झोळलेली धरून व आडवे अंतर ती वाऱ्याने जास्तीत जास्त झुकलेली धरून मोजावयाचे असते. कारण भार वाढला, ऊन तापले की तार तापते, लांबते आणि खाली येते. हिवाळ्याच्या सकाळी दलालाने दाखवलेली उंची ज्येष्ठाच्या दुपारी राहत नाही.

आता एक साधी वजाबाकी करू. त्याच वाहिनीची जमिनीपासूनची किमान उंची ७ मीटर ठरलेली आहे. सातातून साडेपाच गेले की उरतो दीड मीटर. १३२ किलोव्होल्टसाठी हेच आकडे ६.१ आणि ४.६ मीटर; बाकी पुन्हा दीड मीटर. याचा अर्थ असा की, जेथे तार आपल्या किमान उंचीवर आहे, तेथे माणूस ताठ उभा राहील असे एकही छप्पर तिच्याखाली नियमात बसत नाही. आणि गरिबाचे घर एकदाच बांधून संपत नाही. मुलाचे लग्न ठरते, एक मजला चढतो. भाडेकरू ठेवावा लागतो, दुसरा चढतो. तार आहे तेथेच राहते. माणूसच तिच्याकडे चढत जातो.

दुसरा धोका आजाराचा. १९७९ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरातील एका अभ्यासाने वीजवाहिन्यांचे सान्निध्य आणि बालकांतील रक्ताचा कर्करोग यांचा संबंध प्रथम पुढे आणला. २००२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अतिनिम्न वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रांचा समावेश 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात केला. मात्र हा संबंध आकडेवारीचा आहे. ही क्षेत्रेच त्या आजाराला कारण होतात हे सिद्ध झालेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ साली नमूद केले. शास्त्रीय दृष्टिकोन मानणाऱ्या पक्षाने यापलीकडे जाऊन भय पसरवू नये. सिद्ध न झालेल्या भयावरच आंदोलन उभारले, तर ते भय खोडून काढताना सिद्ध झालेला धोकाही झाकून टाकण्याची संधी प्रतिपक्षाला मिळते.

कायदा कोणाच्या बाजूने उभा आहे? २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे, वाहिनी आधी आणि बांधकाम मागाहून असेल व ते वीजपुरवठ्यास अडथळा ठरत असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी ते हटवण्याचा आदेश देऊ शकतो. दिल्लीत २०१९ साली १,७३१ अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांना मालकी हक्क देण्याचा कायदा झाला. ज्या मुखत्यारपत्रांनी मालकी हस्तांतरित होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले होते, त्याच कागदांच्या आधारे येथे हक्क मान्य करण्यात आले. परंतु उच्चदाब वाहिन्यांच्या मार्गिकेतील घरे त्यातून वगळली गेली. एकाच गल्लीत, एकाच दलालाकडून, एकाच प्रकारच्या कागदावर घेतलेल्या दोन घरांपैकी एक मालकीचे ठरले, दुसरे ठरले नाही.

तारांखालील जमिनीचे मोल घटते हे सरकारलाही मान्य आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने मार्गिकेतील जमिनीसाठी २०१५ साली तिच्या किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत, तर २०२४ साली ३० टक्के भरपाईची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ही भरपाई वाहिनी टाकताना जमिनीच्या मालकाला. त्या जमिनीचे तुकडे पाडून विकणाऱ्याला नफा. तारांखाली संसार मांडणाऱ्याच्या वाट्याला नोटीस. म्हणूनच "तारा दिसत होत्या, तरी का घेतले?" याचे उत्तर असे आहे: तारांपासून दूर असलेली जागा त्याच्या मजुरीत बसत नव्हती. भांडवलदार वर्ग घरांचा प्रश्न सोडवीत नाही, तो केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी ढकलतो, हे एंगल्सने १८७२ साली दाखवून दिले होते. आज तो तारांखाली ढकलला गेला आहे.

यातून निघणारा निष्कर्ष काही कार्यकर्त्यांना कडू वाटेल. निवडणुकीच्या तोंडावर बूर्झ्वा पक्ष तारांखालील घरांनाही कागद देण्याचे आश्वासन देतात, आणि आपणही त्यांच्याशी स्पर्धा करावी असा मोह होतो. तो टाळला पाहिजे. कागद मिळाल्याने तार एक वीतही वर जात नाही. उलट त्या कागदाच्या भरवशावर आणखी एक मजला चढतो. परंतु पर्यायी घर न देता बुलडोझर आणणे हाही सुरक्षिततेचा उपाय नव्हे. ती केवळ गरिबांविरुद्धची कारवाई आहे. तारांखाली कागद नको, तारांबाहेर घर हवे, हीच आपली मागणी असली पाहिजे.

प्रत्येक वाहिनीची मार्गिका जमिनीवर खुणा करून आखावी व तिचा नकाशा वसाहतीत लावावा. मार्गिकेतील तुकड्याच्या विक्रीखतात तसा स्पष्ट उल्लेख सक्तीचा करावा. विस्थापित होणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला, भाडेकरूंसह, कामाच्या ठिकाणाजवळ आधी घर द्यावे. जेथे वाहिनी हलवणे किंवा भूमिगत करणे शक्य आहे, तेथे तो खर्च रहिवाशांवर न लादता शासनाने व तुकडे विकून नफा कमावणाऱ्यांनी सोसावा.

तोवर हातातले काम थांबत नाही. देशाच्या ज्या शहरात आपली शाखा आहे, तेथील सभासदांनी जागा घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक साथीबरोबर स्वतः जावे. मनोऱ्यावरील धोक्याच्या पाटीवरून विजेचा दाब पाहावा. तो २२० किलोव्होल्ट असेल तर मार्गिका सर्वसाधारणपणे ३५ मीटर, १३२ असेल तर २७ मीटर रुंद धरतात. जागा मार्गिकेत येते की नाही हे वीज कंपनीकडून लेखी मागावे. अंतर मोजण्यासाठी काठी वा सळई तारेकडे कधीही उंचावू नये. जे आधीच तेथे राहत आहेत त्यांना भेटून, गच्चीवरची सळई, अँटेना आणि पतंगाची दोरी यांविषयी सावध करावे व नवा मजला चढवू देऊ नये. आपल्याला हे सांगण्याचा अधिकार मात्र तेव्हाच पोचतो, जेव्हा त्यांच्या पर्यायी घराच्या लढ्यातही आपण शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर असतो.