नळ आला, तरी उद्भव तपासावाच लागेल

‘घरोघरी नळ आले, आता पाणी तपासण्यावर खर्च कशाला?’ हा एका पत्रलेखकाचा प्रश्न यवतमाळ, चंद्रपूरच्या फ्लोराइडबाधित गावांपुढे टिकत नाही. नळ पाणी पोहोचवतो. उद्भवातले, म्हणजे पाण्याच्या मूळ स्रोतातले, फ्लोराइड काढत नाही. त्याला रंग नाही, उकळूनही ते जात नाही. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा उद्भव नसल्यास १.५. त्याहून अधिक वर्षानुवर्षे पोटात गेले की दात आणि हाडे कायमची बिघडतात. वर्षातून एकदा नमुना पुरतो, हे त्यांचे म्हणणेही पटत नाही. पावसाळ्यानंतरचा नमुना मे महिन्यातल्या विंधन विहिरीबद्दल काय सांगणार? तेव्हा पातळी खाली गेलेली असते आणि खोल खडकातले, फ्लोराइड अधिक असू शकणारे पाणी उपसले जाते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. त्याच वेळी बाधित गावांतल्या उद्भवांचे नमुने घ्यावेत आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.